युरोपा युनिव्हर्सालिस ४: शेजारी नवीन राज्य उगवलं की काय करायचं

निकाल आधीच सांगून टाकते, बाकीचं सवडीने वाचा. इतिहासाची आवड असेल, नकाशाकडे तासन्‌तास बघायचा कंटाळा येत नसेल आणि हरलं तरी जेवण जात असेल तर युरोपा युनिव्हर्सालिस ४ घ्या, फक्त पूर्ण भावात घेऊ नका, सेलची वाट बघा. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक स्टार ज्या गोष्टीपायी कापलाय त्याच गोष्टीपायी हा गेम मला सगळ्यात जास्त आवडतो, ते कसं ते खाली येईलच.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन: स्वीडनच्या पॅराडॉक्सने २०१३ साली काढलेला कॉम्प्युटर गेम. सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ ला, म्हणजे वार्नाच्या लढाईत ऑटोमन तुर्कांनी पोलंड-हंगेरीच्या राजाला मारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि चालतो १८२१ पर्यंत. आपल्याकडचं बघायचं तर बहमनीपासून ते १८१८ ला पेशवाई बुडेपर्यंत सगळं त्यात आलं. जगातलं कुठलंही राज्य घ्यायचं आणि ते चालवायचं, कर, व्यापार, सैन्य, सोयरिकी, धर्म, वसाहती सगळं. घड्याळ आपोआप पळतं, स्पेसबार दाबला की थांबतं. असं करा तसं करा हे कोणी सांगत नाही, सुरुवातीला तर आपण नक्की काय करतोय हेही कळत नाही, पण ते सगळ्यांचंच होतं, घाबरू नका.

यूट्यूबवर या गेमबद्दल जे काही आहे ते बहुतेक ऑटोमन कसे ठोकायचे, फ्रान्स घेऊन जग कसं जिंकायचं असलंच. मला बोलायचंय ते सुरुवातीला नकाशावर जी राज्यं नसतातच त्यांच्याबद्दल. १४४४ ला मुघल नाहीत. मराठे नाहीत. नेदरलँड्स नाही, प्रशिया नाही, अमेरिका तर नाहीच नाही. ही सगळी मंडळी खेळता खेळता उगवतात किंवा एखाद्या गेममध्ये उगवतच नाहीत, आणि उगवली की तुम्ही शंभर वर्षं घालून जी घडी बसवलेली असते ती विस्कटते. आधीपासूनचे शेजारी कळलेले असतात, कोण भांडखोर, कोणाकडे सैन्य किती, कोण कोणाच्या पाठीशी. नवीन आलेल्याचं काहीच माहीत नसतं. गेमची खरी मजा तिथे आहे असं माझं मत झालंय.

आता नाशिककर म्हटल्यावर पहिल्यांदा नकाशा उघडून आपला भाग शोधणार हे ओघानेच आलं. तर आपल्याकडे सापडतं बागलाण! हो, आपलं सटाण्याकडचं बागलाण, स्वतंत्र राज्य म्हणून, चिमुकलं, आजूबाजूला गुजरात, खानदेश आणि बहमनी असे तीन-तीन तगडे. मला तर ते बघून एवढं भारी वाटलं की पुढचा विचार न करता तेच घेतलं. खऱ्या इतिहासातही बागुल राजे मुल्हेरच्या किल्ल्यावरून राज्य करायचे आणि या मोठ्या लोकांच्या मधोमध बरीच शतकं टिकले, शेवटी १६३८ ला औरंगजेबाने, म्हणजे तेव्हा तो दख्खनचा सुभेदार होता, ते मुघलांत घेतलं. शाळेत आम्हाला बागलाण म्हणजे डाळिंब आणि कांदा एवढंच होतं हो.

बागलाण घेतलं की पहिली काही वर्षं नुसता जीव मुठीत. कोणाशी तरी अलायन्स करायची, त्याच्या आडोशाला बसायचं, खानदेश कुठेतरी दुसरीकडे लढाईत अडकला की हळूच तुकडा तोडायचा. दादा पुण्याला असतो, तो ऑनलाइन गुजरात घेऊन खेळत होता म्हणून मी टिकले हे आधीच कबूल करते, नाहीतर गुजरात एआयकडे, म्हणजे कॉम्प्युटरकडे असता तर मी पहिल्या पंचवीस वर्षांत गेलेच असते. (मल्टिप्लेअरमध्ये एक चांगली सोय आहे, गेम सुरू करणाऱ्या होस्टकडे ज्या डीएलसी, म्हणजे मूळ गेमला जोडायच्या वेगळ्या विकत मिळणाऱ्या भरी असतील त्या बाकीच्यांना त्या गेमपुरत्या फुकट वापरता येतात, म्हणजे घरात किंवा ग्रुपमध्ये एकाने घेतलं की भागतं.)

तर खानदेश पोटात गेल्यावर मी जरा मोठी झाले आणि तेवढ्यात खाली बहमनी फुटायला लागले. विजयनगरने त्यांना दोन-तीन युद्धांत धुतलं, तिजोरी रिकामी, कर्ज डोक्यावर, आणि बंड सुरू. मग एक दिवस नकाशावर नवीन रंग: अहमदनगर. आपल्या दारातच. मी गेम पॉज केला, दादाला म्हटलं नगर आलं. तो म्हणाला, "अगं मग आत्ताच संपव ना, मोठं झालं की डोक्यावर बसेल तुझ्या." मी म्हटलं, "दादा, तू तुझं माळव्याचं बघ, माझं मी बघते."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं तसं. नवीन फुटलेल्या राज्याकडे सुरुवातीला पैसा नसतो, मित्र नसतात, सैन्य म्हणजे बंडखोरांचं जे काही उरलंसुरलं ते. म्हणजे चिरडायला सगळ्यात सोपा काळ तोच. पण हा गेम तुम्हाला जमीन घेतल्याची शिक्षा वेगळ्या मार्गाने देतो आणि ती नवीन खेळणाऱ्यांना कळेपर्यंत उशीर होतो. तुम्ही कोणाचा मुलूख घेतला की आजूबाजूच्या सगळ्यांच्या मनात तुमच्याबद्दल एक अढी बसते, तिला खेळणारे लोक एई म्हणतात. ही अढी एखाद्याच्या मनात ५० च्या वर गेली की तो तुमच्याविरुद्धच्या कोअलिशनमध्ये जाऊ शकतो, आणि कोअलिशन म्हणजे एकाला हात लावला की सगळे अंगावर. घेतलेला मुलूख ज्या धर्माचा त्या धर्माची राज्यं जास्त चिडतात. इथे खानदेश आधीच घेतला होता, सगळ्या सुलतानांच्या कपाळावर आठ्या होत्याच, वर नगर थेट घेतलं असतं तर माळवा, बहमनी आणि उरलेले सगळे एकत्र आले असते. १५६५ ला तालिकोटला विजयनगरचं हेच झालं ना, एकमेकांचे गळे धरणारे आदिलशाह, निजामशाह, कुतुबशाह एका बाजूला उभे राहिले. गेममध्ये हे इतकं बरोबर जमलंय की पुस्तकात वाचून जे कळलं नव्हतं ते कोअलिशनचा मार खाताना कळतं.

शिवाय नुसता मुलूख घेऊन भागत नाही. नव्याने घेतलेल्या प्रांतात फुटीरपणा म्हणून एक आकडा येतो, ३० वर्षांचा, दरवर्षी एक-एकने उतरतो, आणि तो जितका जास्त तितकी बंडाची शक्यता जास्त. वर एकदम खूप मुलूख घेतला आणि तो पचायच्या आत अजून घेतला की सगळ्या राज्यातच गोंधळ माजतो. म्हणजे आज नगर चिरडलं तर पुढची तीस वर्षं नगरच्याच बंडखोरांना चिरडत बसायचं, आणि त्यात कुठे हात आखडला की परत तेच नगर नकाशावर हजर.

मी काय केलं तर युद्ध करून नगरला मांडलिक केलं. राजीखुशीने ते झाले नसते, धर्म वेगळा, वर मी काही फार मोठी नव्हते. मांडलिक करण्याची अढी जमीन थेट घेण्यापेक्षा कमी बसते. आणि यातली खरी मेख पुढे आहे: नगरचे जे कोर, म्हणजे हक्काचे प्रांत अजून बहमनींकडे अडकलेले होते ते मांडलिकाच्या नावाने परत मागता येतात. आपलंच होतं ते परत घेतोय म्हटल्यावर जग फारसं चिडत नाही. म्हणजे नवीन राज्य जन्माला येताना स्वतःचे जुने हक्क घेऊन जन्माला येतं, आणि ते हक्क तुमच्या कामाला येतात. दहा वर्षं झाली की त्याला हळूहळू आपल्यात विलीनही करता येतं, त्याला डिप्लोमॅटिक पॉइंट भरपूर लागतात पण तलवार लागत नाही.

फक्त मांडलिक जास्त करू नका. प्रत्येक मांडलिकाचा स्वातंत्र्याच्या ओढीचा एक आकडा असतो, तुम्ही अशक्त झालात किंवा सगळ्या मांडलिकांचं मिळून सैन्य तुमच्या बरोबरीला आलं की तो वर चढतो, आणि ५० च्या पुढे गेला की ते तुमच्याच शत्रूकडे जाऊन आम्हाला मदत करा म्हणायला मोकळे. याचं सगळ्यात मोठं उदाहरण गेमच्या पहिल्या तीन-चार वर्षांतच दिसतं. तैमुरी साम्राज्य, शाहरुख बादशाह म्हातारा झालेला, खाली मांडलिकांची रांग. खरा शाहरुख १४४७ ला गेला. गेममध्येही तो गेला की मांडलिक उठतात आणि एवढं मोठं साम्राज्य डोळ्यांदेखत फाटतं. दुसऱ्याचं फाटताना बघायला मजा येते, तेवढ्यात शिकून घ्या.

त्याच तैमुरींवरून मुघलांकडे येते, कारण हिंदुस्थानात खेळताना सगळ्यात मोठं भय तेच. मुघल सुरुवातीला नाहीत, तैमूरच्या घराण्यातलं कोणीतरी खाली उतरून दिल्लीकडचा मुलूख घेतं आणि मग मुघल होतं. बाबराने १५०४ ला काबूल घेतलं आणि १५२६ ला पानिपत मारलं, गेममध्ये मात्र तारीख ठरलेली नाही. काही गेममध्ये ते येतच नाहीत, पश्चिमेकडेच कोणाशी तरी झुंजत बसतात, आणि काही वेळा असे येतात की तुम्ही नर्मदेच्या वर बघेपर्यंत अर्धा हिंदुस्थान एका रंगाचा. वर त्यांना सोय अशी की एखाद्या संस्कृतीचा मुलूख घेत गेले की ती संस्कृती ते आपलीशी करतात आणि त्याचे फायदे घेतात, म्हणजे जी पचनाची अडचण तुम्हाआम्हाला ती त्यांना तेवढी नाही. थोडा अन्याय वाटतो, पण इतिहास बघितला तर अगदीच खोटं पण नाही.

त्यांच्याशी कसं वागायचं यावर माझी मतं आहेत, आणि दादाची वेगळी आहेत, तो म्हणतो जन्मायच्या आधीच दिल्ली आपण घ्यायची म्हणजे मुघल होणारच नाहीत. गुजरातला ते जमतं हो, बागलाणला नाही जमत. छोट्या माणसाने पहिलं काम करायचं ते म्हणजे नवीन राज्याचे रायव्हल, म्हणजे जाहीर प्रतिस्पर्धी बघायचे. या गेममध्ये प्रत्येक राज्य जास्तीत जास्त तीन रायव्हल जाहीर करू शकतं, आणि हे कोणालाही क्लिक करून दिसतं. नवीन आलेल्याने कोणाला रायव्हल केलं त्यावरून तो कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे ते कळतं. तुम्हाला केलं असेल तर मैत्रीचा विषय संपला, रायव्हलशी अलायन्स होत नाही. तुमच्या शत्रूला केलं असेल तर लगेच राजदूत पाठवा, समान शत्रू असला की मनं पटकन जुळतात. आणि त्यांचे बाकीचे रायव्हल जे असतील, इराणकडचे म्हणा, बंगाल म्हणा, ते तुमचे आपोआप मित्र. मी बंगालशी जी सोयरीक केली ती दीडशे वर्षं टिकली, बंगालला मी कधी काही दिलं नाही, बंगालने मला कधी काही दिलं नाही, पण मुघल आग्र्याहून निघताना दोन्हीकडे बघून निघायचे एवढं पुरे.

दुसरं, युद्ध त्यांच्या सोयीने करू नका. लेजर, म्हणजे सगळ्या राज्यांच्या आकड्यांचा तक्ता, उघडलं की कोणाकडे मनुष्यबळ किती उरलंय ते दिसतं. मोठं राज्य तीन आघाड्यांवर लढून दमलेलं असतं तेव्हा त्याचा आकार नुसता नकाशावर मोठा असतो. वाट बघता आली पाहिजे, आणि वाट बघणं हे या गेममधलं सगळ्यात अवघड काम आहे कारण बोट त्या युद्धाच्या बटणाकडेच जातं.

आणि तिसरं किल्ले. इथे लढाई फाशांवर ठरते. डोंगरात हल्ला करणाऱ्याला फाशात उणे दोन मिळतात, टेकड्यांत उणे एक, नदी ओलांडून आला तर अजून एक उणे. किल्ल्याच्या बाजूने शत्रूला सरळ पुढे निघून जाता येत नाही, तो आधी घ्यावा लागतो, आणि वेढा घालून बसला की त्याची माणसं रोगराईने आणि उपासमारीने झिजतात. साल्हेर जो चढलाय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, ताहाराबादवरून जाताना लांबूनच दिसतो तेव्हाच पोटात गोळा येतो. १६७२ ला तिथे मोरोपंत आणि प्रतापराव गुजरांनी इखलासखान आणि बहलोलखानाच्या फौजेला उघड्या मैदानात हरवलं, म्हणजे किल्ल्याच्या आडून नाही हं, समोरासमोर. आता जुलै २०२५ पासून युनेस्कोच्या यादीत आलाय त्यामुळे गर्दी वाढलीये ते सोडा. सांगायचा मुद्दा, गेममध्ये डोंगरी प्रांतात एक चांगला किल्ला आणि मागे लपवून ठेवलेलं सैन्य एवढ्यावर मी मुघलांची दोन मोठी युद्धं बरोबरीत सोडवली. बरोबरी म्हणजे छोट्यासाठी जिंकल्यासारखंच, कारण तह झाला की पाच ते पंधरा वर्षांचा ट्रूस, म्हणजे युद्धबंदी मिळते आणि तेवढ्यात खूप काही करता येतं.

पोर्तुगीजांबद्दल फार लिहीत नाही. तेही नवीनच शेजारी, फक्त समुद्रातून येतात. गोवा त्यांनी १५१० ला घेतलं, गेममध्ये कधी लवकर कधी उशिरा. त्यांचं तंत्रज्ञान पुढे असतं कारण रेनेसान्स, छापखाना वगैरे ज्या गोष्टींना गेम इन्स्टिट्यूशन म्हणतो त्या तिकडून पसरत इकडे यायला वेळ लागतो. उपाय म्हणजे एखाद्या प्रांतावर पॉइंट ओतून ती इन्स्टिट्यूशन जबरदस्तीने आपल्याकडे आणायची, आणि त्यांना किनाऱ्यावर उतरतानाच गाठायचं, जहाजातून उतरून हल्ला करणाऱ्यालाही उणे दोनच. एकदा का पाय रोवला की मग ते जात नाहीत.

आता तो कापलेला स्टार.

मराठे. मराठी माणूस हा गेम घेतो तो यासाठीच, खोटं कशाला बोला. मराठी संस्कृती मुख्य असलेलं राज्य घेऊन अटी पूर्ण केल्या की तुम्ही स्वतः मराठे होऊ शकता, नाव बदलतं, झेंडा बदलतो, नवीन आयडिया, म्हणजे त्या राज्याचे खास फायदे मिळतात, अंगावर काटा येतो, ते सगळं छान आहे. पण दुसऱ्या बाजूने बघा. तुम्ही बहमनी किंवा मुघल म्हणून खेळताय आणि मराठे तुमच्या राज्यात उगवतायत, म्हणजे रायव्हल म्हणून उगवतायत, तेव्हा काय होतं? एका प्रांतात असंतोष साठत साठत शंभर टक्के होतो आणि जमिनीतून एकदम हजारोंची फौज उभी राहते, नाव मराठी फुटीरवादी. कुठून आली, कोणी जमवली, इतके दिवस कुठे होती, काही नाही. तुमचं सैन्य येतं, लढाई होते, ते हरतात, विषय संपला. किंवा तुम्ही दुसरीकडे अडकलेले असाल तर ते किल्ले घेत बसतात आणि शेवटी स्वतंत्र राज्य म्हणून बाहेर पडतात, तिजोरीत खडखडाट, मित्र शून्य, आणि पुढच्या पाच वर्षांत शेजारचा कोणीतरी त्यांना गिळतो.

हे असं झालं होतं का? स्वराज्य काही जमिनीतून फौज उगवून आलं नाही. वडील आदिलशाहीत मोठे सरदार, पुण्याची जहागीर, त्या जहागिरीतून एकेक किल्ला, मावळातले देशमुख कोणी गोडीने कोणी धाकाने, विजापूरला पत्रं लिहायची की हे सगळं तुमच्याच भल्यासाठी चाललंय, तिकडे मुघलांशीही बोलणी चालू ठेवायची. पंचवीस-तीस वर्षं एक राज्य दुसऱ्या राज्याच्या पोटात वाढतंय आणि नकाशावर त्याचा रंगच नाही. १६७४ ला राज्याभिषेक झाला तेव्हा कुठे रंग आला म्हणायचं. फक्त मराठ्यांचंच नाही, निजामशाहीसुद्धा तशीच जन्मली. मलिक अहमद जुन्नरला बहमनींचा अधिकारीच होता, बाप बिदरच्या दरबारात सगळ्यात मोठ्या जागेवर, त्या बापाचा खून झाला आणि १४९० ला पोराने आपलं वेगळं मांडलं. दख्खनचे ते पाचही सुलतान असेच, कालचा सुभेदार आज शाह.

तर गेमला ही गोष्टच कळत नाही की नवीन रायव्हल बहुतेक वेळा तुमच्याच पगारावर असतो. सरदारांचा वर्ग आहे गेममध्ये, त्यांची निष्ठा किती, वजन किती हे आकडे आहेत, वजन फारच वाढलं तर ते दरबार ताब्यात घेतात हेही आहे. पण एक सरदार आपली जहागीर घेऊन हळूहळू राज्य बनतोय आणि तुम्हाला ठरवायचंय की त्याला आत्ता दाबायचा, की मनसब देऊन गप्प करायचा, की दुसऱ्या सरदारावर सोडायचा, असा प्रसंग येत नाही. अफजलखान पाठवायचा की नाही हा प्रश्नच विजापूरच्या खेळाडूला पडत नाही हो! इतका रंगतदार प्रश्न आणि तो वगळून टाकला. युरोपात बघा, डच बंडासाठी वेगळी घटनांची मालिका लिहिलीये, प्रशिया कसा व्हायचा त्याचा धर्मासकट विचार केलाय, अमेरिकेत वसाहतीचे पाच प्रांत झाले की तिचं वेगळं राज्य बनतं आणि ते हळूहळू तुमच्यापासून दूर जातं, ते सुद्धा बऱ्यापैकी जमलंय. म्हणजे जमत नाही असं नाही. हिंदुस्थानासाठी २०१८ ला धर्मा नावाची डीएलसी आली, तिच्याबरोबरच्या अपडेटने नकाशा खूप सुधारला, पण हे काही आलं नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. राज्य एकदा जन्मलं की त्याच्या पुढच्या पडझडीचा हिशोब गेम फार चांगला ठेवतो. तहात मुलूख गेला तरी त्यावरचा तुमचा कोर लगेच जात नाही, आणि त्या जोरावर तो स्वस्तात परत घेता येतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले दिले आणि १६७० पासून ते भराभर परत घेतले, हे गेममध्ये अगदी तसंच करता येतं. मी मुघलांना खानदेश देऊन टाकला होता एकदा, तह मोडायची घाई न करता, आणि ते काबूलकडे अडकल्यावर एका युद्धात परत घेतला, कोणी चिडलं पण नाही. दादा मान्य करत नाही, म्हणतो तुला नशिबाने मिळाला. असू दे.

बाकीचं थोडक्यात. शिकायला वेळ लागतो, गेममधलं ट्युटोरियल बघून काही होत नाही, दुसऱ्याला खेळताना बघून जास्त कळतं. मराठी भाषा नाही. बारीक अक्षरं आणि एका खिडकीत दहा आकडे, चष्मा असेल तर लावून बसा. माझा लॅपटॉप जुनाच आहे तरी चालतो, फक्त सतराव्या शतकापुढे गेलं की गेम जड होतो, महिना सरता सरत नाही. ऑटोसेव्ह आहे, तो चालू ठेवा, आमच्याकडे सिडकोत पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो आणि लॅपटॉपची बॅटरी तर नावालाच. वेळ खूप जातो ही तक्रार नाही पण सूचना आहे, आईने एकदा रात्री पाणी प्यायला उठून विचारलं होतं की अजून त्या नकाशातच आहेस का गं, तेव्हा पहाट व्हायला आली होती.

पैशांचं: नुसता मूळ गेम सेलमध्ये अगदी कमी पैशात मिळतो पण डीएलसीची रांग फार लांब आहे, सगळ्या घ्यायला गेलात तर मूळ गेम कुठल्या कुठे राहील. महिन्याचं सबस्क्रिप्शन पण आहे, त्यात सगळ्या डीएलसी येतात, तर आधी एक महिना ते घेऊन बघा, दिवाळीच्या सुट्टीत वगैरे, आवडलं तर मग विकत. हिंदुस्थानात खेळायचं असेल तर मूळ गेम आणि धर्मा एवढ्याने सुरुवात करा. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाचवा भाग आलाय तो १३३७ पासून सुरू होतो, म्हणजे बहमनी राज्य जन्मायलाच अजून दहा वर्षं आहेत, ऐकूनच हात शिवशिवतात, पण त्याला मशीन चांगलं लागतं आणि माझं नाही, त्यामुळे त्याच्यावर मी बोलत नाही.

ज्यांना लढाई हाताने खेळायची असते, तोफ इकडे घोडदळ तिकडे, त्यांनी हा घेऊ नये, इथे लढाई म्हणजे दोन फौजा एका प्रांतात आल्या आणि फासे पडायला लागले. आणि पहिल्याच गेमला माझ्यासारखं बागलाण घेऊ नका. विजयनगर घ्या, सैन्य चांगलं आहे, मागे समुद्र आहे, समोर बहमनी एकटाच मोठा, आणि तो फुटायला लागला की नवीन राज्यं एकामागून एक निघताना आरामात बघता येतात, त्यातलं कोणतं पाळायचं आणि कोणतं खायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.